अनुभव धागा : ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधाच्या पलीकडचे मुलांचे लेखन

मुलगी तिसरीत असताना तिला ‘माझा आवडता ऋतू’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. ‘पावसाळ्यात सृष्टी हिरवा शालू नेसते’ असे लिहून तिने वही मिटली. शालू म्हणजे काय, हे मात्र तिला सांगता आले नाही. त्याच पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर आम्ही गोदावरीचा पूर पाहायला गेलो. नाशिककर पुराचे माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून सांगतात, त्यामुळे पाणी गुडघ्याला लागले की कमरेला, एवढीच चर्चा काठावरच्या गर्दीत चालू होती. घरी आल्यावर मी तिला विचारले, की पाणी गळ्याशी आले म्हणजे मारुती आपली दोन तोंडे कशी वापरत असेल? तिने लिहिले, “एका तोंडाने तो श्वास धरतो आणि दुसऱ्या तोंडाने लोकांना ओरडून सांगतो, की घरी जा, फोटो काढू नका.”

तेव्हापासून माझी खात्री झाली आहे, की लहान मुलाला अख्खा ऋतू लिहिता येत नाही, पण ऋतूने त्याच्यासमोर आणून ठेवलेली एखादी गोष्ट त्याला नक्की लिहिता येते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना आपण असे कोणते प्रश्न विचारलेत, त्यातून काय उमटले आणि काय फसले, हे सविस्तर लिहावे, अशी सर्वांना मनापासून विनंती आहे.

एक आजोबा, पंचवटी

आमच्याकडे भिंतीवर दिनदर्शिका आणि खुंटीला पंचांग असते. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात एक वाहन दिलेले असते. कधी बेडूक, कधी म्हैस, तर कधी मोर, उंदीर किंवा गाढव. मृग लागला की दर नक्षत्राला मी नातवाला वाहन वाचून दाखवतो आणि त्या वाहनावर बसून पाऊस नाशिकला कसा पोहोचला, ते तो लिहितो. उंदरावर बसलेला पाऊस कसारा घाटातल्या बोगद्यातून आला, म्हणून तो कोणालाच दिसला नाही आणि आमच्याकडे पडलाही थोडाच, असे त्याने लिहिले होते. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा पाऊस, असे आमच्या आईच्या तोंडी असे. ते सांगितल्यावर म्हाताऱ्या पावसाला त्याने काठी दिली आणि ती काठी पत्र्यावर टेकत टेकत तो चालतो, असे लिहिले. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज त्या पोराने नेमका पकडला होता. नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांनी बदलते, त्यामुळे लिहिण्याचा ताण येत नाही आणि पुढच्या वाहनाची उत्सुकताही टिकते.

प्राथमिक शिक्षक, सुरगाणा तालुका

आमच्याकडे जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की वर्ग अर्धा होतो, कारण मुले भाताच्या खाचरात आईवडिलांबरोबर असतात. मी बरीच वर्षे त्यांच्या गैरहजेरीबद्दल हळहळत राहिलो आणि परतलेल्या मुलांना ‘वर्षा सहल’ हा विषय देत राहिलो. सहलीला न गेलेली मुले काय लिहिणार? एके वर्षी मी परतलेल्या मुलांना फक्त एवढेच विचारले, की खाचरात पाय रुततो तेव्हा पायाखाली काय काय लागते? चौथीतल्या एका मुलीने पाऊण पान लिहिले. त्यात बोटांच्या फटीतून वर येणारा गार चिखल होता, पोटरीवरून पळालेला खेकडा होता आणि राबातून उपटलेल्या रोपांची जुडी पाठीवर थपकन पडल्याचा आवाज होता.

तिने अर्धे शब्द घरच्या बोलीतले लिहिले होते. पूर्वी मी ते खोडून प्रमाण शब्द लिहिले असते. त्या दिवशी मी तिच्याकडूनच एकेक शब्दाचा अर्थ विचारून घेतला आणि फळ्यावर लिहिला. शिक्षकाला ठाऊक नसलेले आपल्याला ठाऊक आहे, हे कळल्यावर मुलांना जो हुरूप येतो, तो कोणत्याही शाबासकीने येत नाही. आता नागली-वरईची कापणी, होळी, मोहाची फुले यांचे प्रश्न मुलेच सुचवतात. दिवाळीनंतर काही कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जातात. त्यांच्या मुलांबरोबर मी कोरी पोस्टकार्डे देतो. सगळी परत येत नाहीत, पण जे येते ते वर्गात मोठ्याने वाचले जाते.

एक आई, निफाड

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला लिहिण्याचा कंटाळा आहे, बोलण्याचा नाही. थंडीत पारा फार उतरला की द्राक्षांना जपण्यासाठी बागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. तिथे तो जे बोलतो ते मी त्याच्याच शब्दांत उतरवून घेते आणि संध्याकाळी वाचून दाखवते. “धूर घडांना गोधडी घालतो,” हे आपलेच वाक्य आहे, यावर त्याचा विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी ‘गोधडी’ हा शब्द त्याने स्वतः गिरवला.

एक मावशी, येवला

आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस पतंगोत्सव असतो, म्हणून मी भाच्यांना पतंगावर लिहायला सांगितले, आणि तिघांनीही ‘मी पतंग बोलतोय’ असेच आत्मवृत्त लिहिले. तो साचा शाळेतून पक्का बसलेला असतो. पुढच्या वर्षी मी आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, हातात देऊन विचारले, की कापलेला पतंग कोणाच्या गच्चीवर पडला आणि त्या घरात तेव्हा काय शिजत होते? मग मात्र तिघांच्या तीन वेगळ्या गोष्टी झाल्या.

एक आई, इंदिरानगर

माझ्या मुलाने वैशाखात ‘कुरडईचा चीक वाटीतून मला बोलावतो’ असे लिहिले होते. शाळेत त्यावर लाल रेघ आली आणि बाजूला ‘चीक बोलत नाही’ असा शेरा आला. पुढचे दोन महिने त्याने स्वतःच्या मनातले काहीच लिहिले नाही, हे मला अजून सलते. आता घरी एक वेगळी वही आहे, तिच्यात कोणीही दुरुस्ती करायची नाही. शुद्धलेखन आम्ही दुसऱ्या वहीत करतो. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, या वहीतले एक पान तो आजी-आजोबांसमोर वाचतो. यंदा त्याने कुरडईचेच पान निवडले.

एक आजी, जुने नाशिक

रंगपंचमीला आमच्या भागात रहाड उघडतात. पेशवेकाळापासूनचा हा हौद वर्षभर मातीखाली झाकलेला असतो आणि वरून रोजची वर्दळ चालते. माझ्या नातीने काकाला रंगाच्या पाण्यात धप्पा, म्हणजे धपकन उडी, मारताना पाहिले, तेव्हा मी तिला विचारले, की बाकीचे दिवस रहाड खाली काय करत असेल? तिने लिहिले, की ती वरून जाणाऱ्यांच्या चपला मोजते आणि ज्याची चप्पल तुटली असेल त्याला पुढच्या वर्षी जास्त रंग देते. पान संपायला आले तेव्हा तिने खाली जागा सोडली आणि लिहिले, “बाकीचे उघडल्यावर तिलाच विचारून लिहीन.”