पोस्टकार्ड बंद, ईमेल सुरू: आमच्या वाचनालयाचा ठराव

टाचणी (धागाकर्ता)

मंडळी, तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं वाचनालय आहे आमचं. हजारभर सभासद, त्यातले निम्मे नियमित येणारे. मी तीन वर्षं कार्यकारिणीवर आहे. गेल्या रविवारच्या बैठकीत मी ठराव मांडला: १ एप्रिलपासून मुदत संपल्याची स्मरणपत्रं, वर्गणी थकल्याच्या सूचना, मागणी नोंदवलेलं पुस्तक आल्याचा निरोप, सगळं फक्त ईमेलने जाईल. पोस्टकार्ड बंद. ज्याच्याकडे ईमेल नाही त्याने येऊन फलक बघावा. दोघे विरोधात बोलले, तिघे गप्प बसले, बाकीच्यांनी चहा येईपर्यंत माना डोलावल्या. निर्णय पुढच्या बैठकीत, म्हणून इथे विचारतोय.

देवघेवीला आमच्याकडे एक बाई आणि एक शिपाई. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बाई दुपारभर पोस्टकार्डं लिहीत बसतात. 'आपणांकडील दाखल क्र. अमुक या पुस्तकाची मुदत दि. अमुक रोजी संपली असून...' तीच ओळ पन्नास-साठ वेळा, आणि तेवढा वेळ खिडकीशी वाचक ताटकळत उभा. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा'. आमच्याकडे वाचकाचाही जातो आणि बाईंचाही.

विरोधी मतं ऐकायची तयारी आहे. फक्त 'जुनं ते सोनं' नको.

बाणेरचा बोका

ठरावाला +१. पोस्टकार्ड अजून मिळतं हीच बातमी आहे माझ्यासाठी.

जुनी वही

मिळतं, ५० पैशांना. साठ कार्डांचे ३० रुपये होतात, बैठकीतला चहा त्याहून महाग पडत असेल.

टाचणी, मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले, तेव्हा 'जुनं ते सोनं' म्हणणार नाही, हिशोबाचं बोलते. बाईंची कार्डं कोणाला जातात ते पाहिलंत का कधी? जो आठवड्याला येतो त्याला कार्ड जातच नाही, त्याला खिडकीत तोंडी सांगून काम भागतं. कार्ड जातं ते न येणाऱ्याला. अंथरुणाला खिळलेला, बदली झालेला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. म्हणजे फलक ज्याला दिसणारच नाही, नेमक्या त्यालाच तुम्ही फलक बघायला बोलावताय.

टाचणी

मुद्दा मान्य. पण अशी माणसं किती? पाच-दहा. त्यांच्यासाठी सगळी व्यवस्था १९७० सालची ठेवायची का?

जुनी वही

पाच-दहा असतील तर पाच-दहा कार्डं लिहा. तेवढ्याने बाईंचा हात मोडणार नाही. तुमच्या ठरावातला 'फक्त' हा शब्द तेवढा मला खुपतो.

अंडरस्कोर पाटील

माझं नाव असं का, ते सांगायची वेळ आली. एका सुटीत मी आमच्याकडच्या वाचनालयाच्या सभासदांची माहिती संगणकावर चढवायचं काम घेतलं होतं. सभासद अर्जावर ईमेलसाठी एक ठिपक्यांची रेघ असते. लोक बिचारे बरोबर त्या रेघेवर लिहितात. आता ठिपक्यांच्या रेघेवर कोणी अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ, काढला तर तो दिसणार कुणाला? मी पत्ते जोडून टाइप केले, कुठे डॉट समजून घातला. पहिल्या खेपेला पाठवलेल्या मेलपैकी ढीगभर उलटे आले ते बरे, निदान कळलं तरी. उलटे न येता भलत्याच माणसाला गेले त्यांचं काय? नागपूरच्या एका गृहस्थांचं उत्तर आलं, 'मी आपल्या गावी कधीही आलेलो नाही, तरी पुस्तक बुडवल्याचा आरोप मागे घ्यावा.'

एका आजोबांच्या अर्जावर ईमेलच्या जागी 'नातू बघतो' एवढंच होतं. नातवाचा पत्ता मिळवून घातला. पुढे त्या नातवाचा बेंगळुरूहून फोन, 'आजोबांकडे पुस्तक चाळीस दिवस राहिलंय असं दर आठवड्याला मला का सांगता? आजोबांना सांगा ना, ते तुमच्या समोरच्या गल्लीत राहतात!'

तात्पर्य म्हणाल तर अर्ज बदला. ईमेलला चौकटी द्या, एका चौकटीत एक अक्षर. आणि अर्ज घेतानाच वाचकासमोर एक मेल टाकून बघा.

कोहावाला

पाटील, चौकटींची कल्पना उचलतो, हरकत नसावी.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आम्ही कोहा वापरतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही ग्रंथालयाची मुक्त संगणकप्रणाली, न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयात जानेवारी २००० मध्ये पहिल्यांदा सुरू झाली, परवान्याचा खर्च शून्य. यात मुदत संपायच्या आधीचं, मुदतीच्या दिवसाचं आणि थकबाकीचं अशा सूचनांचे साचे असतात. ठरल्या वेळी प्रणाली आपणच यादी काढते आणि मेल रांगेत लावते. माणूस लागत नाही. टाचणींना हेच हवंय आणि ते होऊ शकतं.

आता दुसरी बाजू, आमचीच फजिती. २०२२ च्या उन्हाळ्यात मेल पुरवणाऱ्यांनी साध्या पासवर्डवर चालणाऱ्या जोडण्या बंद केल्या. आगाऊ सूचना आली होती, ती आम्ही वाचली नाही. पडद्यावर सगळं हिरवं, प्रणाली रोज सूचना तयार करत होती आणि रांगेतल्या रांगेत त्या 'अयशस्वी' होत होत्या. दीड महिना एकही मेल गेला नाही. कळलं कसं? एक विद्यार्थिनी दंड भरताना म्हणाली, 'सर, यावेळी मेल नाही आला.' बाईंचा हात थांबला तर टेबलावर कोरी कार्डं दिसतात. रांग थांबली तर काहीच दिसत नाही.

आणि वाचनालय फुकटचं जीमेल खातं वापरणार असेल तर दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे. हजार सभासदांना वार्षिक सभेचं पत्र एका दमात जाणार नाही.

घाटावरची

तुमचं सगळं तांत्रिक चाललंय. मला वेगळंच सांगायचंय. माझ्या मैत्रिणीच्या घरी एकच ईमेल, नवऱ्याचा. तिने सभासद होताना तोच दिला, दुसरा होताच कुठे. वाचनालयाचं स्मरणपत्र आलं, त्यात पुस्तकाचं नाव ठळक अक्षरात. पुस्तक होतं विवाहविषयक कायद्यांवरचं, घटस्फोट आणि पोटगीची प्रकरणं असलेलं. ते कोणासाठी आणलं, कशासाठी आणलं यावरून त्या घरात पुढे आठवडाभर काय झालं ते इथे लिहीत नाही. तिने वाचनालय सोडलं. अनामतही परत मागितली नाही.

वाचनालयात जाणाऱ्या बाईचं तेवढं एकच ठिकाण असतं कधीकधी, जिथे कोणी विचारत नाही, 'हे काय वाचतेस?'

बाणेरचा बोका

वाईट झालं हे. पण मग पोस्टकार्ड काय वेगळं? ते तर उघडंच येतं. पोस्टमनपासून सासूबाईंपर्यंत सगळे वाचतात.

जुनी वही

बोकोबा, धागा पुन्हा वाचा. टाचणींनी बाईंची ओळ दिली आहे: 'दाखल क्र. अमुक', म्हणजे वाचनालयाच्या नोंदीतला पुस्तकाचा क्रमांक. कार्डावर पुस्तकाचं नाव घालत नाहीत. आम्हाला हे कोणी लेखी शिकवलं नव्हतं. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी माझं पहिलं कार्ड फाडलं आणि म्हणाले, 'नाव कशाला? ज्याचं पुस्तक त्याला ठाऊक आहे.'

कोहावाला

घाटावरची ताई, हे वाचून मी आत्ता आमचा साचा उघडला. नाव होतं. लेखकासकट. काढून दाखल क्रमांक ठेवला, दोन मिनिटांचं काम होतं. इतकी वर्षं सुचलं नाही.

खारा वारा

तुम्ही सगळे ईमेलवर अडलात. ईमेल आता बँका आणि भरती मंडळं वापरतात. सभासदांचा व्हॉट्सॲप गट काढा, पाच मिनिटांत निरोप पोचेल. आमच्या मालवणात मासे आल्याचाही निरोप तिथेच येतो.

घाटावरची

आणि गटात माझा मोबाईल नंबर हजार जणांना दिसणार. रात्री अकराला 'वाचन छान आहे आपलं' असा निरोप येणार. नको.

अंडरस्कोर पाटील

शिवाय सकाळी सूर्योदय, दुपारी 'हे वाचाच', संध्याकाळी वाढदिवस. त्यात 'वाचनालय सोमवारी बंद' हा निरोप कुठे गेला ते शोधत बसा. एसएमएस बरा म्हणाल, तर संस्थेच्या नावाने घाऊक पाठवायचा म्हणजे दूरसंचार कंपन्यांकडे घाऊक संदेशांसाठीची डीएलटी नोंदणी करा, मजकुराचा साचा मंजूर करून घ्या, वर संदेशागणिक पैसे. छोट्या वाचनालयाचं काम नाही ते.

प्रबंध अर्धवट

इतका वेळ वाचत होते. ईमेलच्या बाजूने कोणी मनापासून बोललंच नाही, सगळे स्मरणपत्र आणि दंडावर अडलेत. मी बोलते.

माझं संशोधन जुन्या मराठी मासिकांवर आहे आणि मी राहते नांदेडकडे. हव्या त्या मासिकांचे अंक महाराष्ट्रभर विखुरलेले. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. अशा जुन्या संस्थांच्या कपाटांत काय आहे हे घरबसल्या कळणार कसं? एकेका अंकासाठी रात्रभर एसटीने जायचं आणि तिथे कळायचं की नेमकी तीच पानं वाळवीने खाल्लीत.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या ग्रंथालयाला (नाव नको, त्यांच्याकडे रांग लागेल) मेल केला: अमुक मासिक, अमुक वर्ष, साधारण अमुक विषयावरचा लेख. तिसऱ्या दिवशी उत्तर, 'वर्ष चुकलं आहे, लेख त्याच्या पुढच्या वर्षी आहे. लेखकांना जाऊन ६० वर्षांहून अधिक काळ लोटल्याने स्वामित्वहक्काची अडचण नाही. पानं जोडली आहेत. सातव्या पानाचा कोपरा फाटका आहे, क्षमस्व.' क्षमस्व! मी रडायची बाकी होते. फोनवर एवढं नेमकं काम झालं नसतं, कार्डावर महिना गेला असता.

जुनी वही

प्रबंधताई, हे मी डोळे झाकून मान्य करते. पण हा मेल चालला कारण तिकडे कोणीतरी तो वाचला, कपाटापर्यंत चालत गेला आणि पान उलटलं. टाचणींचा ठराव फक्त पाठवण्याचा आहे. टाचणी, तुमच्या वाचनालयाला येणारे मेल कोण उघडतं?

न्यूजर्सीचा नाखवा

इथल्या आमच्या गावच्या लायब्ररीत सभासद होतानाच विचारतात: निरोप मेलने, मेसेजने की फोनने? मी मेल घेतला, आमच्या आईने फोन. मुदतीच्या तीन दिवस आधी मेल येतो आणि पुस्तकाला दुसरी मागणी नसेल तर मुदत आपोआप वाढते. आईला फोनवर यंत्राचा आवाज येतो, ती त्याला 'हो रे बाबा, देते' असं उत्तर देते. तुमच्याकडेही अर्जावर एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

टाचणी

नाखवासाहेब, तुमच्याकडे यंत्र आहे, आमच्याकडे अनुदानाचा हप्ता कधी येईल त्यावर बाईंचा पगार आहे. पण रकान्याची गोष्ट पटली. 'निरोप कसा हवा' असा रकाना आणि पाटलांच्या चौकटी, दोन्ही नव्या अर्जात घालतो. दाखल क्रमांकाचंही ठरलं. मात्र ईमेल हवाच, त्यावर मी ठाम आहे. बाईंची दुपार मला परत हवी आहे.

कोहावाला

आणखी एक बघून घ्या. वार्षिक सभेची नोटीस ईमेलने पाठवणार असाल तर आधी संस्थेची घटना उघडा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद लेखी मानली जाते हे खरं, पण तुमच्या घटनेत 'टपालाने अथवा हस्ते' असं असेल तर एखादा नाराज सभासद सभाच बेकायदा ठरवायला धावेल. आधी घटनादुरुस्ती, मग मेल. आणि पाठवताना सगळे पत्ते 'प्रति'मध्ये चिकटवू नका, गुप्त प्रतीत (बीसीसी) घाला. नाहीतर खारा वारा यांचा व्हॉट्सॲप गट मेलवरच तयार होईल.

खारा वारा

टोमणा पोचला.

जुनी वही

टाचणी, माझा प्रश्न राहिला.

टाचणी

पासवर्ड कार्यवाहांकडे आहे. ते बघत असतील.

जुनी वही

'असतील'?

टाचणी

(दोन दिवसांनी)

जुनी वही, तुमच्यामुळे काल कार्यवाहांच्या घरी गेलो. पासवर्ड त्यांच्या मुलाला माहीत होता, तो कॉलेजातून येईपर्यंत बसलो. खातं उघडलं. न वाचलेले २००च्या वर मेल. बरेचसे प्रकाशकांच्या याद्या आणि जाहिराती. दोघांनी नवीन पुस्तकांची मागणी केलेली, एकाने वेळ विचारलेली.

आणि एक मेल गेल्या जुलैचा. एका सभासदाच्या मुलीचा, पुण्याहून. वडील मे महिन्यात गेले. घर आवरताना आमच्या शिक्क्याची चार पुस्तकं सापडली, ती कुठे आणि कधी आणून द्यायची, आणि काही दंड झाला असेल तर कळवावं, असं लिहिलंय. खाली फोन नंबर.

आज सकाळी वाचनालयात जाऊन देवघेवीची वही काढली. त्या पत्त्यावर बाईंनी तेव्हापासून आठ कार्डं पाठवली आहेत. कुलूप लावलेल्या घराला. शेवटचं गेल्या आठवड्यात.

जुनी वही

मेल करू नका. फोन करा.

टाचणी

केला. रविवारी येतायत. अनामतीची पावती शोधतोय, १९८८ ची असणार, कारण सभासद क्रमांक दोन आकडी आहे.