कॅमेऱ्याचा आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळवणारं सेटिंग) वाढवला की फोटोत दाणे येतायत, काय करू?

बहिणीच्या मंगळागौरीला हॉलमधे फोटो काढले, एंट्री लेव्हल डीएसएलआर आहे आणि सोबत आलेली १८-५५ एमएम झूम लेन्स. फुगड्या हलू नयेत म्हणून शटर १/२५० सेकंद ठेवलं तर आयएसओ ६४०० वर गेला, आणि आता आईच्या काळ्या चंद्रकळेवर नुसते लाल-निळे ठिपके दिसतायत. कॅमेरा बदलावा लागेल का?

प्रतिसाद १:
अजिबात नको ताई! दाणे आयएसओमुळे येत नाहीत, सेन्सरवर उजेडच कमी पडतो म्हणून येतात, आयएसओ फक्त ते उघडं पाडतो. तुमची लेन्स ५५ ला झूम केली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते), ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्या, जवळजवळ दहापट उजेड येतो म्हणजे तोच फोटो ६४० च्या आसपास निघेल. फोकस मात्र नीट डोळ्यावर धरा, एफ १.८ ला नथ शार्प आणि कान धूसर असं होतं.

प्रतिसाद २:
+१. आणि रॉ मधे (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, जेपेगमधे कॅमेरा स्वतःच दाणे पुसायला जातो आणि साडीचं पोत पण पुसून टाकतो. आयएसओला घाबरून फोटो काळोखा काढू नका, नंतर उजळवला की सावलीत जास्तच घाण दिसते, मी घरच्या बारशाला हेच करून बसलो होतो, अजून वाईट वाटतं.

ताई:
रॉ माहीतच नव्हतं, धन्यवाद दोघांनाही. पण आत्ताचे फोटो वाचतील का?

प्रतिसाद १:
फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधे कलर नॉइजचा (रंगीत दाण्यांचा) स्लायडर वाढवा, रंगीत ठिपके बरेच जातील. ४ बाय ६ प्रिंटमधे तर उरलेले दाणे दिसणारपण नाहीत.