मदत हवी आहे: केंटकीतल्या एका पूर्वजाचा माग

नमस्कार. माझ्या सुनेचं माहेर अमेरिकेतलं केंटकी. तिचे एक पूर्वज 1780 च्या दशकात व्हर्जिनियाहून कंबरलँड गॅप या डोंगरखिंडीतून तिथे आले, एवढं घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलंय. 1790 च्या जनगणनेच्या तिथल्या याद्याच हरवल्यात, म्हणून करवसुलीच्या याद्या चाळतेय. तर एकाच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) त्याच नावाचे दोघं निघाले! 1850 पूर्वीच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बायकामुलांचे नुसते आकडे. फार वाईट वाटतं ते बघून.

जुन्या जमीन-मोजणीत शेजारी, ओढे, खुणेची झाडं नोंदलेली असतात. त्यावरून दोघं वेगळे काढता येतील का? शिवाय 1832 च्या कायद्याखालचे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांचे पेन्शनअर्ज कुणी वाचलेत का? त्यात म्हणे अर्जदार स्वतःची हकिगत सांगतो. नातीला आईकडचं घराणंही नीट सांगायचंय मला.