मदत हवी आहे: स्वयंपाकघराची फरशी आणि ओट्याखालची गळती

नमस्कार मंडळी,

नाशिकला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, इमारत नव्वदच्या दशकातली. स्वयंपाकघरात अजून बिल्डरनेच घातलेली मोझॅकची फरशी आहे. दिवाळीआधी ओटा, ट्रॉल्या, फरशी सगळंच बदलायचं ठरलंय, पण घोडं फरशीपाशी अडलंय.

मागे आरओला पाणी देणारी पाव इंची नळी जोडापाशी थेंबथेंब गळत होती. ट्रॉल्यांच्या मागे असल्यामुळे आम्हाला काहीच दिसलं नाही. खालच्या काकूंनी छतावरचा ओला डाग दाखवला तेव्हा कळलं. त्यांचा रंग नुकताच झाला होता. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, रंगाचे पैसेही आम्ही दिले, तरी ते मनाला लागून राहिलंय. आता त्याच जागी डिशवॉशर येणार आहे, शेजारी फ्रिज. पुन्हा त्यांच्या घरात पाणी जाता कामा नये.

दुकानदार दोन बाय चारच्या चकचकीत टाइल्स सुचवतोय. घरात सासूबाई आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. फोडणीचं तेल उडालेल्या ओल्या गुळगुळीत फरशीवर त्या चालतील ही कल्पनाच नको वाटते. कोटा मला मनापासून आवडतो, पण लिंबू-चिंचेचे डाग पडतात म्हणे. मिस्त्री म्हणतो जुन्या फरशीवरच चिकटवू, तोडफोड नको. एका ओळखीच्यांनी एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) पट्ट्या टाकल्यात, त्या पाण्याने फुगत नाहीत.

माझे प्रश्न:
कोणती फरशी घ्यावी? जुनी काढावी की वरून लावावी? आणि उद्या एखादी नळी सुटलीच, तर ते पाणी खाली न झिरपता बाहेर कसं काढायचं? स्वयंपाकघरात नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी वाहून जायची जाळी, नाही. ओट्याच्या टोकाला ड्राय बाल्कनी आहे, तिथे आहे.

प्रतिसाद

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याचं उत्तर आधी ठरवा. टाइल स्वतः पाणी सोडत नाही. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. पाणी जातं ते सांध्यांतून आणि भिंतीच्या कडेने. संडास-बाथरूमला वॉटरप्रूफिंग करतात, स्वयंपाकघराला बहुतेक बिल्डर करतच नाहीत. म्हणून जुनी मोझॅक काढाच. कोबा नीट करून त्यावर दोन घटकांच्या (पावडर आणि द्रव कालवून लावायच्या) वॉटरप्रूफिंगचे दोन हात, कोपऱ्यांत जाळी, आणि भिंतीवर निदान सहा इंच चढवून. मग दाराशी सिमेंटचा छोटा बांध घालून २४ तास पाणी भरून ठेवा आणि काकूंच्या छताकडे लक्ष ठेवा. ही चाचणी झाल्याशिवाय मिस्त्रीला टाइलला हात लावू देऊ नका.

टाइल मॅट व्हिट्रिफाइड घ्या, घसरण्याच्या मापात आर-१० लिहिलेली. सांधे इपॉक्सी ग्राउटने भरा. तेल-हळदीचे डागही त्यात मुरत नाहीत. कोटा हा चुनखडीचा दगड, आंबटाने त्याची चमक जाणारच. एसपीसी मात्र इथे अजिबात नको. पट्टी फुगत नाही हे खरं, पण पाणी फटींतून तिच्याखाली जातं आणि कुणाला न दिसता तिथेच साचतं. तुमचं दुखणं नेमकं तेच आहे.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. भर इतकीच: ओट्याखालच्या पट्ट्यालाच ड्राय बाल्कनीकडे उतार द्या. शंभरास एक म्हणजे १० फुटाला सव्वा इंच. टोकाला भिंतीत भोक पाडून दोन इंची पाइप बाल्कनीत काढा, तोंडाला झुरळांची जाळी. बाल्कनीची फरशी खाली आहे ना, ते आधी लेव्हल पाइपने तपासा.

टाइल डिशवॉशरच्या जागेखालीही घाला. नुसती पुढे घातली तर मशीन खड्ड्यात बसतं आणि दुरुस्तीला बाहेर ओढता येत नाही. ट्रॉल्या स्टीलच्या पायांवर ठेवा, खालची पट्टी क्लिपवाली करा, म्हणजे महिन्यातून एकदा काढून बॅटरीने आत पाहता येईल. आरओ ओट्याखाली न ठेवता भिंतीवर, सिंकच्या वर लावा. गळलाच तर डोळ्यांसमोर सिंकमध्ये गळेल. इमारतीला प्रेशर पंप असेल तर आरओच्या आधी प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह हवाच, दाबाने फिल्टरची वाटी तडकते.

फ्रिजखाली पाणी दिसलं तर प्लंबरला बोलावण्याआधी आतलं मागचं निचऱ्याचं छिद्र बघा, बऱ्याचदा तेच तुंबलेलं असतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मोझॅक काढायची हे नक्की केलं, काकूंना चाचणीचं आधीच सांगून ठेवते. आरओ सिंकच्या वर, हे तर कुणीच सुचवलं नव्हतं. एकच शंका: उतारावर डिशवॉशर तिरका नाही का राहणार?

प्रतिसाद

नाही. त्याचे पाय फिरवून कमी-जास्त होतात. मात्र ओट्याच्या कडाप्प्याखाली उंची मोजताना उताराच्या वरच्या बाजूने मोजा. मशीन साधारण ८५ सेंटीमीटर उंच असतं आणि नवी टाइल व कोबा धरून तेवढी जागा उरायला हवी. नाहीतर ओटा उचलावा लागेल, तो आताच उचलून घ्या. आणि गावाला जाताना मशीन आणि आरओ दोन्हींचे अँगल कॉक (भिंतीवरचे पाणी बंद करायचे छोटे नळ) बंद करायचे, ते हाताला येतील अशा जागी बसवून घ्या, मशीनच्या मागे नको.