फेरारी ३६० मोडेना मॅन्युअल (२००२): काय तपासावं आणि किती द्यावेत?

थेम्सकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे २००२ ची ३६० मोडेना कूपे (बंद छताची) आहे. राइट हँड ड्राइव्ह, सहा गिअरची मॅन्युअल, ३८,००० मैल. मागणी ८४,००० पौंड. त्याच वर्षाची आणि साधारण तेवढीच चाललेली एफ१ गिअरबॉक्सची (स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी) गाडी दुसरीकडे ५७,००० ला दिसते. फरक सगळा गिअरबॉक्सचा.

फाइलमध्ये टायमिंग बेल्ट बदलल्याची शेवटची पावती चार वर्षांपूर्वीची आहे. क्लचची एकही पावती नाही. चार गोष्टी विचारायच्या आहेत. गाडी कारखान्यातूनच मॅन्युअल आली की नंतर केली, हे कसं ओळखायचं? क्लच किती उरलाय ते न उघडता कळतं का? यात वाजवी किंमत कशी काढायची? आणि काही वर्षांनी पुण्याला परतताना गाडी सोबत नेता येईल का?

गेटची_खटखट

पहिला प्रश्न आधी सोडवा. त्याचं उत्तर मिळेपर्यंत किमतीची चर्चाच करू नका.

३६० मध्ये एफ१ म्हणजे निराळा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नव्हे. आतले गिअर तेच, क्लचही तसाच एका प्लेटचा कोरडा. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक पंप आणि अ‍ॅक्चुएटर करतात. म्हणून एफ१ गाडीची मॅन्युअल करता येते आणि आता बरेच जण करतात. त्यासाठी क्लच पेडलसकट पेडल बॉक्स, मास्टर सिलिंडर आणि त्याची नळी, गिअर लिव्हर, धातूचा उघडा गेट (लिव्हर ज्याच्या फटींतून फिरते ती पट्टी), दोन केबल, गिअरबॉक्सवरचा सिलेक्टरचा भाग, बदललेला कन्सोल आणि ईसीयूचं (गाडीच्या संगणकाचं) नवं कोडिंग एवढं लागतं. काम नीट केलेलं असेल तर चालवताना फरक कळणार नाही. विकताना मात्र कळतो. बदललेल्या गाडीला एफ१ पेक्षा जास्त भाव येतो, पण मूळ मॅन्युअलचा येत नाही, आणि यायलाही नको.

मागणी वाढण्याचं कारणही लक्षात घ्या. १९९७ मध्ये आधीच्या ३५५ मॉडेलवर पहिल्यांदा एफ१ पॅडल आले आणि नवी गाडी घेणारे तिकडे वळले. ३६० ची चॅलेंज स्ट्राडाले आणि तिच्यानंतरच्या एफ४३० ची स्कुडेरिया या खास आवृत्त्या मॅन्युअलमध्ये निघाल्याच नाहीत. २००९ च्या ४५८ पासून या घराण्यातून क्लच पेडलच गेलं. राइट हँड मॅन्युअल मुळातच थोड्या, त्यात अपघाताने आणि रेसट्रॅकवर काही संपल्या.

पुरावा कागदावर हवा. चॅसिस नंबर घेऊन अधिकृत डीलरकडे जा आणि गाडी कारखान्यातून कोणत्या गिअरबॉक्सने निघाली ते लेखी मागा. पहिल्या विक्रीचं बिल किंवा ऑर्डर फॉर्म फाइलमध्ये असेल तर उत्तम, त्यावर एफ१ हा पर्याय लावलेला आहे का तेवढं बघायचं. वीस वर्षांवरच्या गाड्यांना फेरारी क्लासिके (कंपनीचा जुन्या गाड्यांचा विभाग) मूळपणाचं प्रमाणपत्र देते. २००२ ची गाडी त्यात बसते. खर्च आणि वेळ दोन्ही लागतं, पण पुढे विकताना हा कागद वाद मिटवतो.

गाडीवरच्या खुणा त्यानंतर. एफ१ च्या मीटरमध्ये कोणता गिअर पडलाय ते दाखवणारी छोटी खिडकी असते. बदललेल्या गाडीत ती कोरी राहिलेली सापडते. स्टिअरिंगमागे पॅडल बसवायची जागा, इंजिनच्या खोलीत पंप किंवा त्याच्या तेलाची टाकी धरणारे रिकामे ब्रॅकेट, टेपने गुंडाळून बाजूला बांधलेले वायरिंगचे प्लग, हे हाताने चाचपून बघा. गाडीच्या जुन्या जाहिराती नेटवर सापडल्या तर त्यातला स्टिअरिंगचा फोटो मोठा करून बघा.

पाना_नंबर_१३

क्लचबद्दल. एफ१ गाडीला डायग्नॉस्टिक यंत्र जोडलं की क्लचची झीज टक्क्यांत दिसते, कारण तिथे अ‍ॅक्चुएटरची जागा मोजणारा सेन्सर असतो. मॅन्युअलला तो नसतो. त्यामुळे ‘आमच्या यंत्रावर क्लच ७० टक्के शिल्लक दिसतो’ असं कोणी मॅन्युअलबद्दल सांगितलं तर त्याला पुढचा प्रश्न विचारायची गरज नाही. अंदाज पायानेच घ्यावा लागतो.

तो असा. गाडी चांगली गरम झाल्यावर, मोकळ्या रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमला चालवा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वेगाच्या पुढे पळाला तर क्लच घसरतोय. मग चढावर पहिल्या गिअरला हळू सोडून बघा, थरथर आली तर प्लेट किंवा फ्लायव्हील जळलंय. पेडल अगदी वर आल्यावर पकडत असेल तर प्लेट संपत आलीय, असा अंदाज धरा. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. क्लच मोकळा करणारं बेअरिंग इथे हायड्रॉलिक आहे आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) आत बसतं. त्याचं सील गेलं की द्रव आत गळतो, प्लेटवर येतो आणि पेडल मऊ पडतं. गाडी लिफ्टवर घेऊन घंटेच्या तळाशी टॉर्च मारा. ओलसर डाग असेल तर प्लेट कितीही जाड असो, गिअरबॉक्स उतरवायचाच आहे. उतरवला की प्लेट, कव्हर, बेअरिंग आणि सील एकदमच बदला, फ्लायव्हील तपासून घ्या. पुन्हा तेच काम करायचं म्हणजे मजुरी दुप्पट.

क्लचची पावती नसणं हा दोष नाही. मॅन्युअलमध्ये नीट चालवणाऱ्याच्या पायाखाली ३८,००० मैल निघू शकतात. पण किंमत काढताना क्लच संपलाय असंच धरून चला.

गिअरबॉक्स थंड असताना पहिल्यातून दुसरा गिअर जड जातो. हे या गाड्यांचं जुनं लक्षण आहे, आजार नाही. तेल जाड असतं आणि सिंक्रोला गिअरचा वेग जुळवायला वेळ लागतो. पहिली काही मिनिटं दुसरा जोर लावून कोंबू नका, हळू टाका किंवा पहिल्यातून सरळ तिसऱ्यात जा. आजार कधी? तेल गरम झाल्यावरही तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना करकर आली तर. मग सिंक्रो रिंग झिजलीय आणि गिअरबॉक्स उघडावा लागेल. गेटकडेही वाकून बघा. लिव्हर ज्या फटींच्या कडांना घासते तिथे बारीक चमकदार रेघा असतात, त्या ठीक. पण दुसऱ्याच्या तोंडाशीच कड बोथट आणि खोलवर ओरखडलेली असेल तर आधीच्या मालकाने थंड गाडीवर रोज जबरदस्ती केलीय. मैलांचा आकडा हे सांगत नाही.

बेल्ट. तीन वर्षं झाली की बदलायचे, गाडी मैलभर चालली नसली तरी. चार वर्षं झालीत म्हणजे मुदत उलटून गेलीय. बेल्ट तुटला किंवा दात घसरले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. प्रत्येक सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण चाळीस व्हॉल्व्ह आहेत. ३६० चं सुख हे की सीटमागचं पॅनल काढून बेल्ट गाडीतच बदलता येतात, ३५५ सारखं इंजिन खाली उतरवावं लागत नाही. पावतीत फक्त ‘बेल्ट’ लिहिलंय की बेल्ट ताणून धरणारं टेन्शनर बेअरिंगही, ते वाचा. बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टही जातो. सुरुवातीच्या गाड्यांत कॅम व्हेरिएटरचा (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या भागाचा) दोष होता आणि कंपनीने ते बदलून देण्याची मोहीम काढली होती. या चॅसिस नंबरवर काही बाकी आहे का, तेही डीलरलाच विचारा.

बाकी भरभर: सस्पेन्शनचे बॉल जॉइंट (स्पीड ब्रेकरवरून हळू जाताना कुरकुर), इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट, पुढच्या बंपरची खालची कड, टायरवरचे चार आकडे (आठवडा आणि वर्ष). सहा वर्षांवरचे टायर खोल नक्षीचे असले तरी बदलायचे. चॅसिस अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्यामुळे खालचे प्लास्टिकचे पत्रे काढून पुढच्या भागात जोडकाम किंवा नवा रंग दिसतो का ते बघणं आलंच. इंजिन ऑइल सुमारे ११ लिटर, ड्राय सम्प (तेल वेगळ्या टाकीत). पातळी इंजिन गरम आणि चालू असतानाच मोजायची. थंड गाडीची डिपस्टिक दाखवून ‘तेल कमी आहे’ म्हणणाऱ्याने आधी पुस्तक वाचावं.

आतली बटणं चिकट झालीत का? वरचा रबरासारखा थर काळाने विरघळतो, नख लावलं तर ठसा उठतो. इंजिनाशी त्याचा संबंध नाही, पण सगळी बटणं काढून, थर उतरवून, नवा लावण्याचं काम किचकट आहे. घरी अल्कोहोलने घासत बसलात तर बटणावरची चिन्हंही जातात.

भाव_विचारा

किमतीबद्दल. ८४ आणि ५७ हे दोन्ही मागणीचे आकडे आहेत. त्यांची वजाबाकी म्हणजे बाजारभाव नव्हे. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या गाड्यांचे आकडे गोळा करा. ऑनलाइन लिलावांचे निकाल उघड असतात. गेल्या बारा महिन्यांतल्या राइट हँड मॅन्युअल कूपे तेवढ्या घ्या. स्पायडर (उघड्या छताच्या) आणि लेफ्ट हँड गाड्या त्यात मिसळू नका. हातोडा पडला त्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, ते धरूनच तुलना करा. पाच-सहा गाड्या मिळाल्या तरी पुरे. त्यातल्या सर्वांत महागडीला बाजूला ठेवा, ती बहुधा कमी मैलांची आणि एकाच मालकाची असते.

मग या गाडीतून वजा करत जा: बेल्टची सर्व्हिस पूर्ण, क्लच पूर्ण (वर सांगितल्याप्रमाणे), टायर जुने असतील तर चारही, बॉल जॉइंट निघाले तर ते. या यादीचं लेखी कोटेशन एखाद्या स्वतंत्र फेरारी गॅरेजकडून आणा आणि विक्रेत्यासमोर ठेवा. तोंडी घासाघिशीपेक्षा कागदावरचा आकडा जास्त काम करतो. बेल्ट मुदतीबाहेर असताना पूर्ण भाव मागणं मला पटत नाही. बेल्ट विक्रेत्याने बदलून द्यायचे, तेही गॅरेज तुम्ही निवडून.

मैलांना लोक अवास्तव महत्त्व देतात. ३८,००० मैल आणि दर वर्षाची पावती असलेली गाडी मी ९,००० मैल आणि मध्ये सहा वर्षं कोरी असलेल्या गाडीच्या वर ठेवीन. उभ्या गाडीची सीलं सुकतात आणि पेट्रोल जुनं होतं. एमओटीचा (ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास सरकारी साइटवर नंबर टाकला की फुकट दिसतो. दर वर्षीचे मैल आणि शेरे पावत्यांशी जुळवा. गाडीवर कर्ज बाकी आहे का, त्याची वेगळी तपासणी पैसे भरून करा. दोन किल्ल्या, टूलकिट, चामड्याच्या पाकिटातली पुस्तकं यांचेही पैसे होतात, कारण मागून जमवायला गेलात तर महाग पडतात.

दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या गाडीचा रोड टॅक्स, कार्बन उत्सर्जन कितीही असलं तरी, के बँडच्या (उत्सर्जनावर ठरणारा करगट) वर जात नाही. त्यानंतर नोंदलेली एफ४३० सर्वांत वरच्या एम बँडमध्ये पडते आणि दरवर्षी बराच जास्त भरावा लागतो. दुसरं, खासगी मोटारीवरचा नफा ब्रिटनमध्ये कॅपिटल गेन्स टॅक्समधून मुक्त आहे. विमा मात्र ठरलेल्या किमतीचाच घ्या, म्हणजे गाडी गेली तर कंपनी त्या वेळच्या तिच्या अंदाजाने नव्हे, कागदावर लिहिलेल्या रकमेने देईल. ती रक्कम दर वर्षी फोटो जोडून ताजी करा. लंडनच्या बाजूला येणार असाल तर गाडी युलेझच्या (लंडनच्या कमी प्रदूषण क्षेत्राच्या) नियमात बसते का, ते नंबर टाकून तपासा. नाही तर दिवसाला साडेबारा पौंड.

सातारा_रोड

पुण्याबद्दल एवढंच. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते. २००२ ची गाडी कायमची आणता येणार नाही. कार्नेवर (तात्पुरत्या आयातीच्या सीमाशुल्क कागदावर) तात्पुरती येते, पण ठरलेल्या मुदतीत परत बाहेर न्यावी लागते. आपल्याकडे ३६० मोडेना म्हटलं की सचिनने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्यावर मिळालेली लाल गाडीच आठवते, आणि तिच्या आयात शुल्काच्या माफीवर केवढी चर्चा झाली तेही. तुम्ही ही गाडी घेताना ती इंग्लंडमध्येच वापरायची आणि तिथेच विकायची, असंच धरा.

थेम्सकाठ

मनापासून आभार. पुण्याचा विचार सोडला. डीलरकडे चॅसिस नंबर आजच पाठवतो. एकच शंका: याच पैशात थोडी भर घालून मॅन्युअल एफ४३० घ्यावी का? तिला बेल्ट नाहीत म्हणतात.

पाना_नंबर_१३

बेल्ट नाहीत हे खरं. ४.३ लिटरच्या त्या इंजिनाला साखळी आहे आणि दर तीन वर्षांचा तो खर्च वाचतो. पण तिचे मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आवरणाच्या आत तडकतात, बाहेरून दिसत नाहीत. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक येते आणि गरम झाल्यावर कमी होते, ती त्याची खूण. आतला तुकडा सुटून सिलिंडरकडे ओढला गेला तर इंजिनच जातं. मॅनिफोल्ड बदलल्याची पावती नसेल तर तेही वजाबाकीत धरा. मॅन्युअल एफ४३० चा भाव ३६० च्या बराच वर असतो, त्यामुळे ‘थोडी भर’ पुरेल असं वाटत नाही.

आणि गाडी बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी इंजिनाच्या झाकणाला हात लावा. कोमट लागलं तर थंड दुसरा गिअर, पहिल्या सेकंदाचा धूर आणि थंडीतली बॅटरी, तिन्ही त्या दिवशी कळणार नाहीत. मग दुसरा दिवस ठरवून परत जा.