पवन्या की शेडा?

माळकरी: माळरानावरच्या गवतांची माहिती मराठीत आणतोय. ‘सेहिमा नर्व्होसम’ला शेडा आणि ‘सेहिमा सल्कॅटम’ला पवन्या लिहिलं. सोलापूरकडच्या मेव्हण्यांनी ते खोडलं: “नर्व्होसम म्हणजेच पवन्या!” तुमच्याकडे काय म्हणतात?

गंजीवाली: आज्याच्या कुरणात दोन्ही होती, नावंही वेगळी. शेड्याचा ठोंब वर्षानुवर्षं जागेवर, पहिल्या पावसात बुडातून फुटायचा. पवन्या दरसाल बियांपासून. म्हणून कापणीला आजा पवन्याचा एक पट्टा बी गळेपर्यंत उभा ठेवायचा. मी तरी तुमच्या बाजूनं.

तासपट्टी: गावोगाव नावं फिरतात, गवत हातात घेऊन बघा. बिनदेठाच्या कणिशकाचं, म्हणजे तुऱ्यातल्या एकेका बारक्या कणसाचं, खालचं तुष पाहा. मधोमध खोल पन्हळ असेल तर सल्कॅटम. लॅटिनमधला सल्कस म्हणजे आपलं नांगराचं तास. नर्व्होसम म्हणजे शिरा उठून दिसणारं. ‘सेहिमा’ मात्र अरबी नावावरून; ते देणारा वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्स्कोल येमेनमध्ये 1763 साली वारला, हे नाव छापून आलं 1775 मध्ये.

रानबोली: कणिशक, तुष! गुराख्यासाठी लिहिताय ना? सरळ कुसळ म्हणा.

तासपट्टी: कुसळ म्हणजे टोकाचा ताठ केस, संस्कृतात शूक. शूकधान्य त्यावरूनच. तुष म्हणजे दाण्याभोवतीचं टरफल. दोन्हींना एकच शब्द लावलात तर ओळख कशी पटणार?

गंजीवाली: मग तूस म्हणा की. भात पाखडताना आई तूसच म्हणायची. तुष त्याचाच थोरला भाऊ.

रानबोली: हे पटलं. तूस चालेल. कणिशक नाहीच चालणार.

मावळातला: पवन्या हे पवना नदीवरून आलं असणार. आमच्या काठावर हे गवत दाट.

गंजीवाली: नदीपासून लांब सोलापूरच्या माळावर मग ते नाव कसं पोचलं, दादा? मला वाटतं पवनावरून. वाऱ्यावर डोलतं ना.

तासपट्टी: ताई, वाऱ्यावर कुठलं गवत डोलत नाही?

माळकरी: मंडळी, तूस घेतो. पण मेव्हण्यांना काय सांगू? ते म्हणतात, त्यांच्या भागात शेडा हा शब्दच कुणी उच्चारत नाही.

रानबोली: मग दोन्ही नावं द्या, कोणत्या भागातलं तेही लिहा.

तासपट्टी: एकच नाव दोन गवतांना? नको.

मावळातला: बरं, गवत दाबून बांधतात त्याला तुमच्याकडे गासडी म्हणतात की गठ्ठा?