मदत हवी आहे: जुन्या टेबल सॉला रायव्हिंग नाइफ आणि गार्ड नाही, पहिली फळी कापण्यापूर्वी काय काय करून घ्यावे?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरला कसबा बावड्यात राहतो आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हौसेपुरते सुतारकाम करतो. आजवर हातकरवत, रंधा आणि पटाशी यांवर सगळे भागत होते. अलीकडे फर्निचरचा व्यवसाय आटोपता घेणाऱ्या एका गृहस्थांकडून दहा इंची पात्याचा जुना टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्याचे करवतयंत्र) घेतला आहे. बिडाचे टेबल सपाट आहे, बेअरिंगला आवाज नाही, आणि २ एचपीची सिंगल फेज मोटर व्ही-बेल्टने पाते फिरवते. अडचण अशी आहे की पात्यावरचे गार्ड (झाकण) आणि पात्यामागचा रायव्हिंग नाइफ (कापलेली चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टी) हे दोन्ही यंत्रावर नाहीत, आणि ते कधीकाळी होते का, हे विकणाऱ्यांनाही सांगता येईना. यंत्र मी अजून विजेला जोडलेले नाही आणि खाली विचारलेल्या गोष्टींचा उलगडा होईपर्यंत जोडणारही नाही.

ओळखीच्या एका मिस्त्रींचे म्हणणे असे, की या दोन्ही वस्तू कामात आडव्या येतात आणि एकदा सवय झाली की हात आपोआप सांभाळला जातो. त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे, परंतु हा सल्ला मला लागू पडत नाही असे वाटते. त्यांचे यंत्र रोज सकाळपासून चालते, माझे एखाद्या रविवारी तासभर चालेल, त्यामुळे त्यांना झालेली सवय मला कधीच होणार नाही. जी खबरदारी त्यांच्या हातात मुरलेली आहे, ती माझ्याकडे यंत्रावरच बसवलेली असली पाहिजे.

माझ्या वाचनातून मला जे समजले आहे ते थोडक्यात मांडतो, चुकत असल्यास दुरुस्त करावे. पात्याचे पुढचे दाते लाकूड टेबलावर दाबतात, पण मागचे दाते वर येत असतात. चिरत आलेली फळी मागे मिटून पात्याला आवळू लागली, किंवा पाते आणि फेन्स (फळी सरळ सरकवण्यासाठीची बाजूची आधारपट्टी) यांच्यामध्ये तिरपी होऊन अडकली, तर हेच मागचे दाते तिला उचलून थेट उभ्या माणसाच्या दिशेने फेकतात. दहा इंची पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दात्यांचा वेग सेकंदाला ५३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. फळी या वेगाने निसटली की पोटाला किंवा छातीला मार बसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे फळी ढकलणारा हात आधार नाहीसा झाल्यामुळे पात्यावर जाऊ शकतो. ओंडका हाताने चिरताना चिरेत पाचर ठोकून ती उघडी ठेवतात. रायव्हिंग नाइफ हे काम कापणी चालू असताना सतत करतो.

माझा मुख्य प्रश्न असा, की रायव्हिंग नाइफ इथल्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून बनवून घेणे शहाणपणाचे ठरेल का, आणि त्याची जाडी कशी ठरवावी? माझ्या पात्यावर २.८ आणि १.८ असे आकडे कोरलेले आहेत. दुसरा प्रश्न विजेचा आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते-येते. कापणी सुरू असताना वीज गेली आणि मी शेडबाहेर असताना परत आली, तर यंत्र आपोआप सुरू होऊ नये यासाठी काय बसवावे? घरात लहान मुले असल्यामुळे या प्रश्नाची मला अधिक काळजी वाटते.

प्रतिसाद (उद्यमनगरात टूलरूम चालवणारे सदस्य)

नाइफ जरूर बनवून घ्या, पण मापे हातात घेऊनच वर्कशॉपमध्ये जा. पात्यावरचा २.८ हा आकडा दात्यांनी पडणाऱ्या खाचेची रुंदी आहे आणि १.८ ही पात्याच्या पत्र्याची जाडी आहे. नाइफची जाडी या दोहोंच्या मध्ये असावी लागते, तुमच्यासाठी २.२ ते २.४ मिलिमीटर योग्य ठरेल. नाइफ खाचेपेक्षा जाड असेल तर लाकूड त्याच्यावर अडेल, आणि पत्र्यापेक्षा पातळ असेल तर असून नसल्यासारखाच. तरीही केवळ कोरलेल्या आकड्यांवर विसंबू नका. एका टाकाऊ तुकड्यात खाच पाडून ती व्हर्नियरने मोजा, कारण वारंवार धार लावलेल्या पात्याची खाच कमी झालेली असते.

नाइफची पुढची कड पात्याच्या गोलाईला धरून वळलेली असावी आणि दात्यांपासूनचे अंतर साधारण ३ ते ८ मिलिमीटर ठेवावे. वरचे टोक पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असेल तर फळीत अर्धवट खोलीची खाच पाडतानाही नाइफ काढावा लागत नाही, आणि माझ्या मते हीच गोष्ट निर्णायक आहे, कारण एकदा काढून ठेवलेला नाइफ पुन्हा बसवण्याचा कंटाळा प्रत्येकालाच येतो. पत्रा साधा मऊ घेऊ नका. धक्क्याने वाकणार नाही असे पोलाद मागा. कापलेल्या कडांची लव काढून पुढची धार किंचित उतरती करून घ्या.

खरी कसोटी नाइफ बसवण्याच्या जागेची आहे. पाते वरखाली करताना शाफ्टसह जो भाग हलतो, त्यालाच नाइफचा ब्रॅकेट बसला पाहिजे, तरच पात्यापासूनचे अंतर कायम राहते. जुन्या यंत्रात तेथे जागा मिळाली नाही तर पर्याय म्हणजे पात्याभोवतीची टेबलातली झाकणपट्टी जाड प्लायवूडची नवीन बनवून, तिच्यात पात्याच्या बरोबर मागे आणि अगदी सरळ रेषेत पोलादाची पट्टी घट्ट बसवणे. ही सोय नाइफइतकी चांगली नाही, कारण पाते खाली घेतले की अंतर वाढते. काहीच नसण्यापेक्षा मात्र ती पुष्कळ बरी.

नाइफ बसला तरी पाते आणि फेन्स समांतर नसतील तर धोका तसाच राहतो. प्लग काढून पात्याच्या एका दात्यावर खडूने खूण करा. तो दाता पुढे आणून टेबलावरच्या खोबणीपासूनचे त्याचे अंतर डायल गेजने पाहा, मग पाते फिरवून तोच दाता मागे न्या आणि पुन्हा पाहा. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आणावा. फेन्स मागच्या बाजूला पात्याकडे झुकलेला कधीही नसावा. झुकायचाच असेल तर केसभर बाहेर असावा. यंत्र व्ही-बेल्टचे आहे म्हणून पुल्यांचे व्यासही मोजा. साधारण २८८० फेऱ्यांच्या मोटरवर कोणी मोठी पुली चढवली असेल तर पात्यावर लिहिलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

प्रतिसाद (विद्युत ठेकेदार सदस्य)

आपल्याकडे शेतीपंपाला जो डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) स्टार्टर असतो, तसाच सिंगल फेजचा स्टार्टर तुम्हाला हवा आहे. त्यातल्या नो-व्होल्ट कॉइलमुळे वीज जाताच संपर्क तुटतो आणि वीज परतल्यावर हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त ताण आला की ती बंद करणारा भाग) मोटरच्या पाटीवरील अँपिअरनुसार लावून घ्या. गावाकडचा जुना पडून असलेला स्टार्टर आणून बसवण्याचा मोह होईल, तो टाळा. थ्री फेज स्टार्टरमधील कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते, ती २३० व्होल्टवर नीट ओढत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी जो ऑटो स्विच बसवतात, तो या यंत्राच्या जवळपासही फिरकू देऊ नका.

बंद करण्याचे मोठे लाल बटण गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल अशा उंचीवर घ्या, कारण अडचणीच्या क्षणी दोन्ही हात फळीवर गुंतलेले असतात. पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळ्यात ओल राहते, म्हणून अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा. मुलांसाठी सर्वांत सोपा उपाय कुलपाचा आहे: काम संपले की प्लग काढून कुलूपबंद डब्यात ठेवता येईल अशी व्यवस्था करावी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पुल्यांचे व्यास मोजण्याचे माझ्या ध्यानातही आले नव्हते. आणखी दोन शंका आहेत. मला पाडलेल्या वाड्याचे जुने सागवान स्वस्तात मिळाले आहे, ते या यंत्रावर चिरावे का? आणि बोटाचा स्पर्श होताच पाते थांबवणारी यंत्रे निघाली आहेत, तर थोडे थांबून तसेच यंत्र घेणे अधिक योग्य ठरेल का?

प्रतिसाद (व्यवसायाने सुतार असलेले सदस्य)

आधी दुसऱ्या शंकेबद्दल. अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी शोधलेल्या सॉस्टॉप यंत्रात पात्यावर सूक्ष्म विद्युत संकेत सोडलेला असतो. त्वचेचा स्पर्श होताच तो बदलतो, अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पाते सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबते. ठोकळा आणि बहुधा पातेही त्यानंतर बदलावे लागते. शोध अचाट आहे, परंतु तो फेकल्या जाणाऱ्या फळीला अडवत नाही, म्हणून त्या यंत्रावरही रायव्हिंग नाइफ असतोच. तेव्हा तुमचे आजचे काम कोणत्याही यंत्राने चुकणार नाही.

वाड्याचे सागवान उत्तम असते, मात्र त्यात डोके तुटलेले खिळे लपलेले असतात. लोहचुंबक फळीच्या चारही अंगांवरून सावकाश फिरवा. काळसर डाग दिसेल तेथे पटाशीने थोडे खोदून पाहा. खिळ्यावर पाते गेले तर कार्बाइडचा दाता तुटून उडतो आणि तो नेमका कोठे जाईल हे सांगता येत नाही. दुसरे असे, की जुनी फळी बहुतेक वेळा पिळलेली असते आणि पिळलेली फळी टेबलावर डुलते. एक अंग आणि एक कड रंध्याने सरळ केल्याशिवाय ती फेन्सला लावू नका. टिंबर मार्केटमधून पावसाळ्यात आणलेल्या ओल्या लाकडाचीही तीच गत आहे: ते चिरता चिरता मिटते. ते काही महिने सावलीत थप्पी लावून सुकू द्यावे.

उभे राहताना पात्याच्या रेषेत न राहता किंचित बाजूला राहा. पाते फळीच्या वर दाताभरच दिसू द्या. हात पात्यापासून सहा इंचांच्या आत आणायची वेळ आली की ढकलकाठी उचला. ती प्लायवूडच्या तुकड्यातून घरीच बनते, फक्त ती फेन्सवर हाताशी हवी, भिंतीवरच्या खिळ्याला नको. मोकळ्या हाताने, कशाचाही आधार न घेता, या यंत्रावर काहीही कापायचे नाही. आडवे कापताना मायटर गेज (खोबणीत सरकणारा, फळी कोनात धरणारा आधार) आणि फेन्स एकाच वेळी वापरू नका, कारण सुटलेला तुकडा त्या दोहोंत अडकून उडतो. पात्याशेजारी पडलेली चिपटी उचलण्याचा मोह सर्वांत वाईट. बटण बंद केल्यावरही पाते बराच वेळ फिरत राहते. आठ बाय चारचा प्लायवूड एकट्याने यंत्रावर चढवूच नका, खाली थर्माकोलवर ठेवून हातातल्या सर्क्युलर सॉने आधी त्याचे तुकडे करा.

हातमोजे घालू नका. दात्यात धागा अडकला तर पाठोपाठ हात ओढला जातो. मनगटातला दोरा, अंगठी, घड्याळ आणि सैल बाह्या यांनाही तोच नियम आहे. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर मफ मात्र हवेतच, आणि सागाच्या भुशासाठी नाकावर चांगला मास्क हवा.

प्रतिसाद (परिचारिका असलेल्या सदस्या)

शेडच्या भिंतीवर हे लिहून लावावे. बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तो भाग थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये, त्याने पेशी खराब होतात. एकटे असताना यंत्र चालवू नये, निदान घरात कोणी मोठे माणूस आहे याची खात्री करून घ्यावी.

धागाकर्ता

सर्वांच्या सूचना उतरवून घेतल्या आहेत. या आठवड्यात यंत्राचे आतले छायाचित्र घेऊन उद्यमनगरात जातो आणि ब्रॅकेटला जागा आहे का ते दाखवून घेतो. स्टार्टर आणि आरसीसीबीचे काम त्याआधीच होईल. गार्डबद्दल मात्र अजून निश्चित काही ठरलेले नाही. नाइफवर बसणारे गार्ड अर्धवट खाच पाडताना काढावे लागेल, म्हणून टेबलाच्या कडेला खांब उभारून वरून लोंबणारे, भुसा ओढणारा पाइप जोडता येईल असे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे गार्ड करण्याचा विचार आहे. अॅक्रिलिक तडकते म्हणून ते नको. अशा खांबाची लांबी आणि गार्डची रुंदी किती ठेवावी, याचे कच्चे रेखाचित्र कोणाकडे असल्यास कृपया येथे टाकावे.